टीम सातच्या खाली

"आमच्या कमिशनरनं मला दहापैकी दहावा नंबर दिला," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा सांगलीत आईनं चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. कमिशनर म्हणजे तिच्या लेखी महापालिकेचा आयुक्त. "घरपट्टी थकवलीत की काय?" तिनं विचारलं. घरपट्टी नाही, बास्केटबॉल, असं सांगितल्यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पण तू कधी खेळायला लागलीस?"

खेळायला लागले नव्हते, तिथंच तर सगळी गोम आहे. स्वतः खेळून दहावी आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. शाळेत लंगडीत मी पहिल्या मिनिटाला बाद व्हायचे आणि उरलेला वेळ पाण्याच्या टाकीपाशी मजेत घालवायचे. इथे, ऑफिसातल्या फँटसी लीगमध्ये मात्र खेळणारी पोरं लोकांची, घाम त्यांचा, गुडघे त्यांचे, शिव्या घालणारे कोच त्यांचे, आणि सहामाहीचं प्रगतिपुस्तक माझ्या नावावर. तेही वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, खाली शेऱ्यासकट.

आम्ही राहतो कॅरीला, नॉर्थ कॅरोलायनात. आमच्या आजूबाजूला तीन गावांचा त्रिकोण आहे: डरहॅममध्ये ड्यूक विद्यापीठ, चॅपल हिलमध्ये कॅरोलायना आणि रालेमध्ये स्टेट. ड्यूक आणि कॅरोलायना यांच्यात अंतर दहा मैलांचं, पण बास्केटबॉलपायी एका गावच्या माणसानं दुसऱ्या गावची टोपी घातली तर घरात जेवायला मिळणार नाही अशी परिस्थिती. इथे नव्या माणसाला लोक नाव, गाव विचारतात आणि लगेच "ड्यूक की कॅरोलायना?" हे विचारतात. आपल्याकडे गोत्र विचारावं तसं. मला काय माहीत? २०१० साली नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी आकाशी पंजाबी ड्रेस घालून गेले. दिवसभर अर्धं ऑफिस माझ्याशी विनाकारण गोड वागलं आणि साहेबांनी मान वर करून पाहिलं नाही. आकाशी रंग कॅरोलायनाचा आणि साहेब ड्यूकचे, हा उलगडा मला नवरात्रात झाला, रंगांची यादी आली तेव्हा. तेव्हापासून मी निळ्याच्या सगळ्या छटा टाळते. लालही जपून वापरते, कारण तो स्टेटचा.

ड्यूकचे कोच माइक शशेफ्स्की २०२२ साली निवृत्त झाले. त्यांच्या नावात स्वर शोधायला मला दोन वर्षं लागली होती. त्यांच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना नशिबानं नेमका कॅरोलायनाशीच पडला आणि ड्यूक ८१–७७ असं हरलं. तो आकडा आमच्याकडे कॉफीच्या मशीनजवळ अजूनही आठवड्यातून एकदा तरी निघतो. तर असल्या मुलखात बास्केटबॉलपासून चौदा वर्षं लांब राहिले, हाच खरं तर माझा मोठा पराक्रम. पंधराव्या वर्षी पाय घसरला.

झालं असं की ऑफिसातल्या लीगला दहावा गडी कमी पडत होता. पत्त्यांच्या डावाला चौथा शोधतात तसा दहावा शोधत कमिशनर, म्हणजे ती लीग चालवणारा, माझ्या टेबलाशी आला. हा माणूस साठीचा, इथलाच जन्मलेला, सरव्हरची देखभाल करतो आणि बोलताना प्रत्येक वाक्य दोरीवर वाळत घातल्यासारखं लांबवतो. वीस डॉलर भरायचे, दहा खेळाडू निवडायचे, बाकी काही करायचं नाही, असं त्यानं सांगितलं. मला वाटलं भिशी असेल. भिशीत निदान प्रत्येकाचा एकदा तरी नंबर लागतो, हे वीस डॉलर देताना सुचलं नाही.

क्रिकेटवर मोबाइलमध्ये टीम लावणारे वाचक असतील, त्यांना ही भानगड पटकन कळेल. फरक एवढाच, की आमच्याकडे एक खेळाडू एकाच मालकाचा आणि तोही हंगामभर. प्रत्यक्ष सामन्यात त्या पोरानं केलेल्या कामाचे मार्क आपल्या खात्यावर जमा होतात. आमच्या लीगचे नियम असे: प्रत्येक पॉइंटला एक, रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडला की) एक, असिस्टला (आपल्या पासवर दुसऱ्यानं बास्केट केली की) दीड, चेंडू हिसकावला किंवा समोरच्याचा फटका अडवला तर दोन, आणि चेंडू हातातून घालवला तर एक मार्क वजा. हा वजाचा नियम लक्षात ठेवा, पुढे माझा गळा त्यानंच कापला आहे. दर सोमवार ते रविवार कुणाशी तरी आपली लढत. पैसेवाल्या, व्यावसायिक एनबीएवर असल्या लीगा पैशाला पासरी आहेत. कॉलेजच्या पोरांवर लीग चालवणारे मात्र थोडे, कारण वरच्या गटातच साडेतीनशेच्या वर विद्यापीठं. कुणाचं कोण, कुठं, कसं, हे पाहायला कमिशनरसारखं आयुष्य लागतं. त्याची मुलं मोठी झालीत आणि बायको मासेमारीला जाते.

खेळाडूंची निवड झाली ३ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी संध्याकाळी. त्या दिवशी भाऊबीज होती. मी ओवाळणीचं ताट व्हिडिओ कॉलवर फिरवून नुकतीच बसले होते, समोर चकल्यांचा डबा. निवडीची पद्धत सापासारखी वळणारी, असं कमिशनरनं सांगितलं. मला ती पंगतीसारखी वाटली. वाढपी एका टोकाकडून निघतो, दुसऱ्या टोकाला पोचतो आणि तिथूनच उलटा फिरतो. माझं पान दहावं, म्हणजे शेवटचं. शेवटच्याला एकदम दोन वाढतात हे खरं, पण तोवर जिलब्या संपलेल्या असतात आणि वाढप्याच्या हातात कोशिंबीर असते.

यादी उघडली तर ओळखीची वाटायला लागली. नाव, वय, उंची, वजन, शिक्षण, मूळ गाव. अहो, हे तर वधूवर सूचक मंडळ! भावासाठी मुली आणि नंतर नणंदेसाठी मुलं बघण्यात माझी चार वर्षं गेली आहेत, या कामात मला कोण हरवणार? मी आत्मविश्वासानं बोट फिरवू लागले. उंची सात फूट एक इंच, घ्या. अभ्यासात नावाजलेलं विद्यापीठ, म्हणजे पोरगं चांगल्या वळणाचं, घ्या. एकाच्या फोटोत चेहरा इतका बापुडा होता की त्याला कुणी घेणार नाही असं वाटून मी घेतला. गेल्या वर्षीचे रिबाउंड किती, हा रकाना यादीत होता हे मला डिसेंबरात कळलं.

नावं लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांची बारशी केली. सातफुट्या तो लंबू. चेंडू हातात आला की तो दुसऱ्याला देऊन टाकणारा शांताराम. चौथ्या कॉलेजात खेळणारा, दाढीवाला, चोवीस वर्षांचा तो बापू. आणि बापुड्या चेहऱ्याचा तो बंड्या. पहिल्या वर्षाला, पश्चिम किनाऱ्याकडच्या एका कॉलेजात, पायात भिंगरी आणि डोक्यात वारं. आईला मी सगळ्यांचे फोटो पाठवले. तिनं बंड्याला पसंत केलं. "हा आपल्या शेजारच्या घरातला वाटतो," म्हणाली. बंड्या सहा फूट चार इंच आहे आणि त्याच्या केसांच्या वीस वेण्या आहेत, पण तिला चेहऱ्यात जे दिसायचं ते दिसलं.

बापूबद्दल थोडं सांगायला हवं. हल्ली ही पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. पूर्वी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ साली एकदा बदलायला मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. त्यात कोविडमुळे सगळ्यांना एक वर्ष वाढवून मिळालं होतं. बापूनं तिन्हीचा लाभ घेतला. मला इंजिनिअरिंगला असताना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं होतं, तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी एका खिडकीपुढे अकरा दिवस उभी होते, आणि बाराव्या दिवशी जायचा विचारच सोडून दिला. बापूनं त्याच वयात चार राज्यं पालथी घातली. वर २०२१ पासून या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. म्हणजे आमचा बापू कमावता. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं त्याचं लग्न झालंय का विचारलं.

नोव्हेंबर बरा गेला. दोन लढती जिंकले, ऑफिसात दोनदा माझ्या पाठीवर थाप पडली, आणि मी उगाचच जेवणाच्या टेबलावर 'रोटेशन' वगैरे शब्द वापरायला लागले. मग आला डिसेंबरचा मधला आठवडा. मी रोजच्यासारखी रात्री टीम लावायला बसले तर दहापैकी सात जणांपुढे सामन्याचा रकाना कोरा. आजारी? जायबंदी? चिरंजीवाला विचारलं. तो अकरावीत आहे. त्यानं मान वर न करता सांगितलं, "आई, एक्झाम आहे त्यांची."

सहामाही परीक्षा! त्या आठवड्यात बरीच विद्यापीठं सामने ठेवतच नाहीत. आणि मी हौसेनं एकजात अभ्यासू कॉलेजांतली पोरं भरलेली. त्यांना सुट्टी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठी. दुसऱ्याच्या टीमा तीनशेवर मार्क घेत होत्या, माझा आठवड्याचा आकडा एकसष्ट. जन्मभर मी ज्याला त्याला "अभ्यास कर, अभ्यास कर" म्हणत आले. भावाला म्हटलं, नणंदेच्या मुलांना म्हटलं, चिरंजीवाला तर श्वासागणिक म्हणते. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की काय मेलं ते पुस्तक घेऊन बसलाय, जरा बाहेर जाऊन खेळ की! आणि समोर बसलेल्या चिरंजीवाला तेवढ्यात मी म्हणाले, "फोन ठेव आणि अभ्यासाला बस." माणूस किती थरांचा असतो बघा.

जानेवारीत ११ तारखेच्या शनिवारी माझी लढत अकाउंट्समधल्या बाईंशी होती. त्यांचं पान पंगतीत पहिलं, त्यामुळे ड्यूकचा कूपर फ्लॅग त्यांच्याकडे. मेनमधून आलेला, नुकता अठराचा झालेला पोरगा. त्या वर्षी देशातला सर्वोत्तम ठरला आणि जूनमध्ये एनबीएनं त्याला सगळ्यात पहिला उचलला. मी त्या दिवशी मराठी मंडळाच्या संक्रांतीसाठी तिळाचे लाडू वळत होते, फोन परातीला टेकवून ठेवला होता. पाक गरम, हाताला तूप, आणि फोनवर फ्लॅगचा आकडा लाडवांच्या बरोबरीनं वाढतोय. वीस लाडू, वीस पॉइंट. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. नोत्र दामविरुद्ध त्यानं ४२ पॉइंट केले. त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, पहिल्या वर्षाच्या कुठल्याच पोरानं तेवढे केले नव्हते. माझे लाडू अडतीस झाले आणि पाक आळला. त्याच दिवशी बंड्या दोन मिनिटं खेळला. चेंडू दोनदा घालवून बाहेर येऊन बसला.

आणि मग १४ तारीख. मंगळवार, संक्रांत. दहा आठवडे संपले, हंगाम अर्ध्यावर आला, म्हणून कमिशनरनं 'मिडसीझन रँकिंग' काढलं. हे जिंकल्या-हरल्याचं नुसतं कोष्टक नव्हे. त्यात कुणाची टीम खरी किती पाण्यात आहे, याचा कमिशनरनं स्वतः निवाडा केलेला असतो, आणि प्रत्येक टीमखाली दोन ओळींचा शेरा. मी सकाळी डबा भरून तिळगूळ नेला होता. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन "गोड बोला" याचा अर्थ समजावून सांगितला होता. कमिशनरनं तीन लाडू खाल्ले. दुपारी यादी आली.

मी खालून वाचायला सुरुवात केली, सवयीप्रमाणे. दहावी: सांगली हळद. म्हणजे मीच. शेऱ्याचा सारांश असा: या संघाचं काय चाललं आहे हे संघालाही माहीत नसावं. लाडू मात्र उत्तम होते.

इथवर ठीक होतं. दोन विजय, आठ पराभव. मला काही दुसरी-तिसरी येण्याची आशा नव्हती. पण मग नजर वरच्या ओळीवर गेली. नववी: टीम सात.

टीम सातला नाव नाही, कारण तिच्या मालकानं ते दिलंच नाही. हा गृहस्थ माझ्या मागच्या रांगेत बसायचा. निवडीच्या संध्याकाळी तो आला नव्हता, म्हणून त्याचे खेळाडू कॉम्प्युटरनं आपले आपण निवडले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यानं नोकरी सोडली आणि टेक्ससला गेला. त्याचा लॅपटॉप परत घेतला, त्याचं कार्ड बंद केलं, त्याची खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा बरी होती म्हणून ती मी घेतली. तेव्हापासून टीम सातला कुणी हात लावलेला नाही. कुणी जायबंदी झालं तरी तोच लावलेला राहतो, कुणी फॉर्मात आलं तरी बाकावरच राहतं. आठवड्यामागून आठवडे तेच सात गडी लावलेले, जसे कुणी विसरून दिवा चालू ठेवून गावाला जावं. आणि ती टीम माझ्या वर! तिचे तीन विजय!

म्हणजे हिशेब काय झाला? रोज रात्री अर्धा तास मी बसते. कुणाचा घोटा दुखावला, कुणाच्या कोचचं कुणाशी बिनसलं, कुणाची आजी वारली, सगळं वाचते. डिसेंबरापासून मी या पोरांसाठी जेवढं जागले तेवढी चिरंजीवाच्या गोवराला जागले नव्हते. आणि एवढ्या सगळ्या मेहनतीची किंमत, जो माणूस हजरच नाही त्याच्यापेक्षा कमी. मी काहीच केलं नसतं तर निदान नववी आले असते. हा विचार मी त्याच्याच खुर्चीत बसून करत होते, त्यामुळे जास्त बोचला. कुंडीतली तुळस रोज पाणी घालून, प्रदक्षिणा घालून जळते आणि गटाराकडेचा एरंड पुरुषभर वाढतो, त्यातला प्रकार.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "मग तूही राजीनामा दे. टीम लगेच वर येईल." तो कंपन्यांना सल्ला देण्याचं काम करतो, आणि त्याच्या सल्ल्यांना लोक पैसे देतात याचं मला दर महिन्याला नवं आश्चर्य वाटतं. चिरंजीवानं माझी टीम बघितली, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, बंड्याला ड्रॉप कर. आजच."

आता हे 'ड्रॉप' म्हणजे नको असलेल्या खेळाडूला सोडून द्यायचं आणि बेवारस यादीतून दुसरा उचलायचा. सगळे करतात. कमिशनर आठवड्याला दोन-दोन सोडतो, डोळ्याची पापणी लवत नाही. मी त्या बटणापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा तिथं प्रश्न आला, "तुमची खात्री आहे का?" आणि मला बंड्याचा फोटो दिसला. एकोणीस वर्षांचं पोर, घरापासून हजार मैल लांब, कोच खेळवत नाही, सकाळी उठून फोन बघणार आणि त्याला कळणार की कॅरीतल्या बाईनंसुद्धा सोडलं. आता त्याला मी माहीत नाही, लीग माहीत नाही, कळण्याचा काही संबंध नाही, हे मलाही समजतं. मी त्याऐवजी शांतारामला सोडलं. शांतारामनं पुढच्याच सामन्यात, कमिशनरच्या टीममध्ये गेल्यावर, चेंडू कुणालाही न देता चोवीस पॉइंट केले.

क्रमवारीनं माणसानं किती खचावं? मी धीर गोळा करायला लागले. पहिला धीर ताजा होता. टेनेसी विद्यापीठ देशात पहिल्या नंबरावर होतं, हंगामात एकही सामना हरलेलं नव्हतं, आणि ७ जानेवारीला फ्लॉरिडाकडून तीस पॉइंटांनी हरलं. म्हणजे पत्रकारांच्या क्रमवारीची ही कथा, तर आमच्या सरव्हरवाल्याची काय. दुसरा धीर घरचा. २०२४ च्या मार्चमध्ये आमचं रालेचं स्टेट ओळीनं चार सामने हरून कॉन्फरन्सच्या स्पर्धेत उतरलं, क्रमांक दहावा. दहावा! आणि पाच दिवसांत पाच सामने जिंकून करंडक घेऊन आलं, तिथून थेट देशातल्या शेवटच्या चारांत. त्यांचा डीजे बर्न्स नावाचा डावखुरा, भल्या थोरल्या देहाचा, सदा हसरा गडी होता; तो पाठ लावून सरकत सरकत रिंगखाली जायचा, जसे लग्नाच्या गर्दीत मामा आहेर घेऊन पुढं जातात. मला तेव्हा बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तरी त्याच्यासाठी मी लाल कुर्ता घालून ऑफिसला गेले होते.

पण खरा धीर दिला तो डॉक्टर नेस्मिथांनी. या माणसानं १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला. थंडीत बाहेर जाता येईना, पोरं आत धिंगाणा घालायची, म्हणून पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत गेला की कुणीतरी वर चढून काढून आणायचा. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच झाले. बास्केटबॉलच्या जगात कॅन्सस म्हणजे कोल्हापूरची तालीम. तिथं आजवर जेवढे कोच झाले त्यांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेला एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे खुद्द नेस्मिथ. ५५ विजय, ६० पराभव. ज्यानं खेळ काढला, ज्यानं पहिले तेरा नियम लिहिले, त्याची ही गत! मी तो आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. कमिशनरनं वाचला, लांबलचक हुंकार दिला आणि म्हणाला, की त्यांना ५५ तरी जिंकता आले.

मग २० जानेवारीच्या सोमवारी सुरू झालेल्या आठवड्यात माझी लढत लागली टीम सातशी.

ऑफिसात एवढं कुतूहल मी बढतीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. पैजा लागल्या. बहुतेकांनी कुणीच नाहीवर लावल्या. मी मात्र त्या आठवड्यात जीव ओतला. लंबूनं मंगळवारी समोरच्यांचे पाच फटके अडवले. मी स्वयंपाकघरात उड्या मारल्या आणि आमटी करपवली. बापूनं गुरुवारी जुन्या कॉलेजविरुद्ध असा काही राग काढला की त्यातलं कुठलं जुनं, हे मोजायचं राहून गेलं. रविवारी दुपारी टीम सातचे सगळे सामने संपले. तिचे मार्क २८५. माझे २८७.५. आणि माझा एक सामना बाकी, आमच्या वेळेनं रात्री आठ वाजता, पश्चिम किनाऱ्यावर. बंड्याचा.

चिरंजीवाचं फुटबॉल टीव्हीवर चालू होतं. त्यानं माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं बघितलं. "आई, काढ बंड्याला. जागा रिकामी ठेव. तू जिंकलीस."

आठ वाजायला वीस मिनिटं होती. आठ वाजता टीमला कुलूप लागतं, मग काही बदलता येत नाही. बोट पुढे केलं आणि थांबलं. म्हणजे काय, समोर मालक नसलेली टीम, आणि तिला हरवायचं ते कसं, तर इकडेही जागा रिकामी ठेवून? मग यात मी कुठे आले? तीन महिने जागून शेवटी मी शिकले ते टीम सातचंच तंत्र? आणि तो पोरगा आठवडाभर बाकावर बसून होता. पाच-सहा मार्क तरी करेल. अगदी शून्य केलं तरी मी जिंकतेच की. "राहू दे त्याला," मी म्हटलं. चिरंजीव "मॉम!" म्हणाला. तो फार चिडला की इंग्रजीत शिरतो.

आईला व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत सोमवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. ती चहा घेऊन बसली. मी फोन असा धरला की तिला माझा लॅपटॉप दिसावा आणि लॅपटॉपवर बंड्या. पहिला अर्धा भाग तो बाकावरच. आई म्हणाली, "बसवून का ठेवलंय त्याला?" मी म्हटलं, बसू दे, बसलेलाच बरा. दुसऱ्या अर्ध्यात समोरचे पुढे गेले, कोच वैतागला आणि त्यानं बंड्याच्या दिशेनं बोट केलं. बंड्यानं अंगावरचा शर्ट इतक्या घाईनं काढला की तो डोक्यात अडकला.

पहिल्यांदा चेंडू आला तो त्यानं प्रेक्षकांत दिला. वजा एक. मग त्याला धक्का लागला, दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे फटके, मिळाले; पहिला हुकला, दुसरा रिंगवर बसला, विचार केला आणि आत पडला. आईनं टाळ्या वाजवल्या, चहा सांडला. मी पुन्हा होते तिथंच. मग तो एकटाच चेंडू घेऊन पळाला आणि वाटेत चेंडू मागे राहिला. वजा एक. चिरंजीव फुटबॉल सोडून माझ्या मागे येऊन उभा. मग एक पास समोरच्या रंगाच्या पोराच्या थेट हातात. मी पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात कोचला ओरडून सांगत होते, की बाहेर काढा त्याला, अहो बाहेर काढा! माझ्याच पोराला बाहेर काढा म्हणून! साडेतीन मिनिटं उरली असताना बंड्यानं चेंडू टप्प्यावर घेतला, मान वर केली, आणि तो त्याच्या स्वतःच्या पायावर आपटून बाहेर गेला. चौथा.

कोचनं त्याला बोलावून घेतलं. खेळला सहा मिनिटं. एक पॉइंट, चार वजा.

माझ्या फोनवर आकडा बदलला. २८४.५. टीम सात, २८५. अर्ध्या मार्कानं. शाळेत पाचवीत असताना गणितात माझा वर्गातला पहिला नंबर अर्ध्या मार्कानं गेला होता, तेव्हा आईनं दोन दिवस बाईंच्या घराकडून जाणं बंद केलं होतं. आता तिला काय सांगावं? चिरंजीव एक शब्द न बोलता सोफ्यावर जाऊन पालथा पडला. कमिशनरचा मेसेज आला, त्यात अक्षरं नव्हतीच, नुसता लाडवासारखा दिसणारा एक पिवळा गोळा हसत होता.

लॅपटॉपवर कॅमेरा पुन्हा बाकाकडे वळला. बंड्या शेवटच्या खुर्चीत, कोपरं गुडघ्यांवर, डोक्यावरून टॉवेल घेतलेला. शेजारचा पोरगा त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगत होता.

"हरलो गं आई," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. ती अजून स्क्रीनकडेच बघत होती. "त्याला पाणी दिलं का कुणी?"

मी वाकून नीट बघितलं. खुर्चीखाली एक बाटली होती.

"दिलंय," मी म्हटलं.